रुखवताचे सभासद

निवृत्त माणसाला लोक आधी तब्येत विचारतात आणि मग आयुष्यभर काय केलंत ते विचारतात. तब्येतीबद्दल मी थोडं खोटं बोलतो आणि ते सगळ्यांना पटतं. कामाबद्दल खरं सांगतो, ते मात्र कुणालाच पटत नाही. कारण नव्वदच्या दशकाच्या शेवटी चामोर्शीत मी अशी एक नोकरी केली, जिच्यात मिस्त्री असूनही कुणाचं काम करून द्यायला मला बंदी होती. काम करून दिलं तर बोलणी बसायची आणि नुसतं पाहत उभा राहिलो तर पगार मिळायचा.

झालं असं, की आपल्या जंगलाच्या मुलखात लोकांसाठी एक सामायिक कार्यशाळा काढावी, असं नागपूरच्या एका संस्थेच्या मनात आलं. वेल्डिंगचं मशीन, ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कातायचं लेथ, सुताराचं मेज, भिंतीवर टांगलेली लहानमोठी हत्यारं, असं सगळं एका छपराखाली ठेवायचं. वर्षाची थोडी वर्गणी भरून कुणीही सभासद व्हावं, शिकावं आणि स्वतःच्या हातानं आपली वस्तू करून न्यावी. हत्यार सगळ्यांचं, घाम ज्याचा त्याचा. बाजारामागचं धान भरायचं जुनं गोदाम मिळालं. आम्ही उंदीर हाकलले, चुना मारला, आणि देखरेखीला मला नेमलं. वडिलांचं बसस्टँडसमोर वेल्डिंगचं दुकान होतं, पण त्यात माझा मोठा भाऊ बसायचा, त्यामुळं मी तसा मोकळाच होतो. संस्थेचे साठेसाहेब अधूनमधून नागपूरहून जीपनं पाहणीला येत. माणूस भला, पण एका शब्दावर त्यांचा फार जीव. तो शब्द म्हणजे उत्पादक. "रशीदभाई, सभासद उत्पादक हवेत," असं ते जीपमधून उतरताना म्हणत आणि परत चढतानाही म्हणत.

उत्पादक राहू द्या, कित्येक महिने मला साधा सभासदही मिळेना. लोक येत नव्हते असं नाही. कुणी मोडकी सायकल आणे, कुणी कूलरचा पंखा. एकानं तर बैलबंडीचं चाकच दारात टेकवलं आणि "सांजच्याले येतो, रशीदभाऊ," म्हणून चालू लागला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, हे तुलेच करायचं आहे, मी फक्त शिकवीन.

"मले करता येत असतं तं तुमच्याकडं आनलं असतं काऊन?"

"म्हणून तं शिकवतो म्हणून राह्यलो."

"आन् मी करीन तवा तुमी काय कराल?"

"मी पाहीन."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, गोदामाकडं पाहिलं, चाक उचललं आणि सरळ माझ्या भावाच्या दुकानात नेलं. जेवताना भाऊ म्हणाला, तुझी कार्यशाळा निघाल्यापासून माझं दुकान बरं चाललंय.

सुतारांची तऱ्हा वेगळी. ते येत, रंधा उचलत, अंगठ्यानं धार पाहत, चहा पीत आणि जात. दुसऱ्याच्या हत्यारावर हात बसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. ते काही खोटं नाही. रंध्याची मूठ वर्षानुवर्षं घासून घासून त्या एका तळव्याची झालेली असते. सुतार एक वेळ सायकल उसनी देईल, रंधा देणार नाही, आणि उसना घेणारही नाही.

पहिला सभासद मिळाला तो जंगल खात्याचा गार्ड. गोदामात लाकूड कातलं जातं अशी त्याला कुणीतरी खबर दिली होती, आणि आमच्याकडं करवत चालली की ती गार्डाला दोन गावं पलीकडून ऐकू येते. त्यानं कोपऱ्यातले तुकडे खालीवर केले. मी दाखवलं, हे जुन्या चौकटीचं, हा मोडक्या खाटेचा पाय. त्याचं समाधान झालं, तरी तो जाईना. लेथभोवती घुटमळला आणि हळूच म्हणाला, "याच्यावर बेलन बनते काय?"

बनतं, पण तुम्हालाच बनवावं लागेल, मी सांगितलं. त्यानं वर्गणी भरली आणि खाटेच्या पायाचं लाटणं कातलं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक. त्याच्या घरच्या पोळ्या त्यानंतर एका बाजूनं जाड होऊ लागल्या म्हणे, पण त्यानं ते लाटणं कुणाला बदलू दिलं नाही. पंचाईत अशी, की तो खाकी वर्दीत येई आणि सभासद व्हायच्या बेतात असलेला माणूस मागच्या दारानं पसार होई. शेवटी मी त्याला बनियनवर काम करायची विनंती केली.

खरी भरभराट आणली ती वच्छलाबाईंनी. आठवडी बाजारात त्यांचं सुक्या मासोळीचं दुकान, आणि बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या गोदामात आल्या, सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाल्या, "रशीदभाऊ, रुखवताले काचेचा महाल पाह्यजे. त्याले खालून लाकडाची चौकट लागते. इथी होईन काय?"

आमच्याकडच्या रुखवताचा एक अलिखित कायदा आहे. मांडवात वरपक्षाच्या बायका एकेक वस्तू बोटानं दाखवून विचारणार, हे कोनं केलं? आणि मुलीकडच्यांनी सांगायचं, नवरीनं. मग ती वस्तू कालच गडचिरोलीच्या दुकानातून आणलेली असो, की मावशीनं महिनाभर डोळे फोडून केलेली असो. विचारणारीलाही खरं ठाऊक असतं, कारण तिच्या लग्नातही हेच सांगितलेलं असतं. कुणी उलटून विचारत नाही. खोटं दोन्हीकडून प्रेमानं चालतं.

वच्छलाबाईंनी चौकट स्वतः केली. करवत धरायच्या आधी तिला नमस्कार केला आणि मग मासोळी कापावी तसं लाकूड कापलं. तो महाल मांडवात गाजला, नवरीनं केला म्हणून. पण खरं कुठं झाला ते बाजारभर झालं आणि पुढच्या लग्नसराईत आया, मावश्या, आत्या यांनी गोदाम भरून गेलं. आगगाडी झाली, मार्कंड्याचं देऊळ झालं, प्लायवूडचं विमान झालं. कुणाच्या घरी काय होतंय ते दुसऱ्या घराला कळता कामा नये, म्हणून मी पोत्यांचे पडदे शिवून प्रत्येकीला वेगळा कोपरा करून दिला. डॉक्टरापेक्षा जास्त गुपितं तेव्हा माझ्या पोटात होती. एकीनं कूलरची मोटर लावून कारंजं केलं. मी बजावलं होतं की पाणी कमी ठेवा. मांडवात त्यांनी बादली ओतली, आणि मुलाची आई मुहूर्ताआधीच न्हाऊन निघाली. घरी माझी बायको शमीम म्हणायची, लोकांच्या लग्नात इतकं राबता, स्वतःच्या लग्नात साधा पाट तरी केला होता का.

मी खुशीत होतो. साठेसाहेब नव्हते. ते आले, पडद्यामागून पडद्यामागं फिरले, आगगाडीचं चाक फिरवून पाहिलं आणि ओट्यावर बसले.

"रशीदभाई, सभासद भरपूर दिसतात. पण हे सगळं शोभेचं आहे."

"साहेब, यातल्या एकीनंही आधी ड्रिल धरलं नव्हतं."

"ते मला कळतं हो. वर कळत नाही. शेतीला, धंद्याला उपयोगी पडेल असं काही करणारा एक तरी माणूस मला दाखवा. नाहीतर लवकरच मशीन दुसऱ्या तालुक्याला हलवायला सांगतील."

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. नोकरी गेली असती तर भावाच्या दुकानात बसलो असतो. पण सकाळी कुलूप काढलं की त्या गोदामातून येणारा रंधलेल्या लाकडाचा वास आणि बायकांची बडबड यांची मला सवय लागली होती. ते सगळं ट्रकमध्ये घालून नेतील या भीतीनं मी रात्री कुलूप दोनदा ओढून पाहायचो.

दाखवायला माझ्याकडं माणूस होता, फक्त त्याचं मला नाव घेता येत नव्हतं. ती होती वच्छलाबाईंची धाकटी मुलगी संगीता, आणि लग्नाची मुलगी वेल्डिंग करते हे बाहेर कळलेलं आईला चाललं नसतं. बहिणीच्या महालाच्या वेळी ती आईबरोबर काचा धरायला म्हणून आली आणि काचा सोडून वेल्डिंगपाशी जाऊन उभी राहिली. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर डोळ्यात वाळू भरल्यासारखं दुखतं, म्हणून वेल्डर हातात काळी काच धरतो. संगीतानं पहिल्याच दिवशी ती काच माझ्या हातातून मागून घेतली आणि नंतर मला फारशी परत मिळाली नाही. लोखंडाला लोखंड चिकटवणं कुणालाही शिकवता येतं. कुठं थांबायचं ते शिकवता येत नाही, कारण एक क्षण जास्त झाला की पत्र्याला भोक पडतं. तिला ते न सांगता कळायचं. मी घरी येऊन हे शमीमला सांगायचो आणि ती म्हणायची, मग तिला पगार द्या आणि तुम्ही घरी बसा.

तिचंही लग्न ठरलं, बसनं तासाभरावरच्या गावात. सासरे सोनबाजी, धानाची मोठी शेती, बोलायला खट्याळ. वच्छलाबाईंनी महालाची तयारी सुरू केली. संगीता म्हणाली, महाल नको, मी धान झोडायचं मशीन करते. पायानं पेडल मारायचं, तारांचे आकडे लावलेलं लाकडी पिंप गरागरा फिरतं, त्यावर धानाची पेंढी धरली की दाणे गळून पडतात. तेव्हा आमच्याकडं बहुतेक ठिकाणी बैल फिरवूनच धान चुरत. तिनं असं मशीन एका कृषी मेळाव्यात पाहिलं होतं.

"रुखवतात कोनी मशीन ठेवते काय?" वच्छलाबाई माझ्यावरच चिडल्या. "लोकं हासतीन मले."

"आई, काचेचा महाल नेला तं ते लोकं मले त्याची धूळ पुसाले ठेवतीन," संगीता म्हणाली. "हे नेलं तं त्यायले समजंन, ही काय करते ते. मंग इथी येऊ देतीन. नाई तं माह्यं वेल्डिंग संपलं."

हे ती पेडलचा दांडा घासता घासता, मान वर न करता बोलली. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी सायकलच्या दुकानातून चाकाच्या जुन्या आरांची मोळी आणून तिच्यापुढं टाकली. त्या आरा वाकवून तिनं पिंपाचे आकडे केले. सायकलचंच मोठं दातेरी चाक, सायकलचीच चेन. मी हात लावला नाही. फार वेळा लावावासा वाटला.

माघात लग्न झालं. धान अजून खळ्यावर रचलेलं होतं, म्हणून संगीतानं मशीनशेजारी चार पेंढ्या ठेवून घेतल्या होत्या. आईनं मशीनला झिरमिळ्या बांधल्या, वर कागदाचा पोपट बसवला आणि दोन्ही बाजूंना लाडवांची ताटं ठेवली, म्हणजे ते जरा रुखवतासारखं दिसावं. साठेसाहेबांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. मी कोपऱ्यात होतो.

विचारायच्या बायका आल्या. हे कोनं केलं? नवरीनं. हे कोनं केलं? नवरीनं. मशीनपाशी आल्या, थबकल्या. हे कोनं केलं? नवरीनं, वच्छलाबाई म्हणाल्या, आणि अख्खा मांडव हसला.

सोनबाजी उठून पुढं आले. "नवरीनं वेल्डिंग केली म्हनते. आन् मिस्त्री तिकडं कोपऱ्यात लाडू खाऊन राह्यला."

पुन्हा हशा. त्यांचा राग नव्हता, रुखवताच्या रिवाजाप्रमाणं ते थट्टा करत होते. सगळ्या खोट्या वस्तू ज्या शब्दांनी खऱ्या ठरायच्या, त्याच शब्दांनी ही एकटी खरी वस्तू खोटी ठरली. आणि तो रिवाज दोन लग्नसराया माझ्याच गोदामात पोसला गेला होता.

सोनबाजींनी धोतर सावरलं आणि पेडलवर असा पाय हाणला की बैलबंडी ढकलायची असावी. कटकन आवाज आला. दातेरी चाकाची पिन तुटली आणि पेडल लोंबू लागलं.

"पाहा. शोभेचंच आहे. ठेवा फळीवर."

आता सगळे माझ्याकडं पाहू लागले. वच्छलाबाई जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, उठा ना. करा दुरुस्त."

पिन तुटलेली पाहून मिस्त्रीच्या हाताला काय होतं ते मिस्त्रीलाच ठाऊक. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी हात लावला असता तर ते मशीन कायमचं माझं झालं असतं, आणि संगीता कायमची धूळ पुसत राहिली असती. मी लाडवाचा घास गिळला आणि मोठ्यानं म्हणालो, "बाई, मले या मशीनमधलं काही समजत नाई."

वच्छलाबाईंनी माझ्याकडं जे पाहिलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. मासोळीच्या दुकानातली सुरी जवळ नव्हती हे माझं नशीब.

तेवढ्यात संगीता बाहेर आली. कपाळाला मुंडावळ्या, हात हळदीनं पिवळे, आणि मुहूर्ताआधी नवरीनं बाहेर यायचं नसतं असं सांगत मागून दोन मावश्या. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. मशीनपाशी उकिडवी बसली, तुटकी पिन काढली, मांडवाच्या खांबाचा एक खिळा हलवून उपटला, जागेवर घातला आणि स्वयंपाकातला वरवंटा मागवून दोन ठोके देऊन त्याचं टोक वाकवलं. मग उठली, पदर खोचला, पेंढी हातात घेतली आणि पेडल मारू लागली. बांगड्या वाजत होत्या, पिंप घुमायला लागलं.

त्या मशीनचे दाणे समोरच्या बाजूला उडतात. शिकवताना मी तिला बजावून सांगितलं होतं की समोर कुणाला उभं राहू देऊ नये. सासरे नेमके समोर होते. तिनं त्यांना ते सांगितलं नाही. विसरली असेल.

धान सोनबाजींच्या टोपीवर, मिशांत, सदऱ्याच्या खिशात गेलं. बँडवाल्याच्या पिपाणीत गेलं. मंगलाष्टकं व्हायच्या होत्या आणि निम्म्या वऱ्हाडावर अक्षता पडून गेल्या होत्या. साठेसाहेब चष्मा पुसत उभे राहिले. पेंढी झोडून झाली तेव्हा सोनबाजींनी तिच्या हातातून ती घेतली, उलटीपालटी केली, लोंब्या चोळून पाहिल्या.

"दाना नाई राह्यला एक," ते म्हणाले. मग खिळ्याकडं पाहिलं. "पोरी, हा खिळा टिकंन किती?"

"मामाजी, पाय हळू मारला तं लई टिकंन."

आता जो हशा झाला तो सोनबाजींनी सुरू केला होता. मी कोपऱ्यात बसून डोळे पुसले. धान गेलं होतं डोळ्यात, असं शेजारच्याला सांगितलं.

जेवणानंतर साठेसाहेबांनी माझा हात धरला. फार खूश होते. "हीच. अशीच सभासद हवी होती. हिला आपण..." आणि ते मध्येच थांबले. मांडवाबाहेर ट्रॅक्टरवर मशीन चढवत होते, झिरमिळ्या आणि पोपटासकट. पुढच्या गाडीत संगीता बसत होती. "ही आता सासरीच राहणार ना?"

"हो साहेब."

"म्हणजे आपली राहिली नाही." ते मनापासून हळहळले. "एक होती, आणि तिचंही लग्न झालं. मी वर काय सांगू?"

तिचं भलं झालं याचा आनंद होता आणि माझं गोदाम तिच्या पाठोपाठ जाणार याचं दुःख होतं.

आठवड्यातच ट्रक आला. साठेसाहेब स्वतः आले होते, कारण हे काम दुसऱ्याच्या हातून होऊ देणं त्यांना बरं वाटलं नाही. बायका पोत्यांच्या पडद्यांआड उभ्या होत्या, गार्ड बनियनवर लेथला टेकून उभा होता. हमालांनी वेल्डिंगच्या मशीनखाली बांबू सरकवले आणि ते उचललं. मी तोंड फिरवलं.

तेव्हा दारातून आवाज आला, "ते खाली ठेवा."

संगीता. मांडवपरतणीला माहेरी आली होती. हातात हिरव्या बांगड्या, आणि मागं सोनबाजी, खांद्यावर मशीनचं पेडल आणि दांडा घेऊन. खिळा शेवटी त्यांच्याच पायानं तुटला होता, हे त्यांनी आपणहून सांगितलं. गावातली निम्मी माणसं मशीन पाहून गेली होती, त्यामुळं ते बंद पडलेलं त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

साठेसाहेब गोंधळले. "पण तुम्ही तर सासरी गेलात."

"सासरी गेली म्हून वर्गनी गेली काय, साहेब?" संगीता म्हणाली. "माह्यं वर्ष बाकी आहे. आन् मामाजी आज भरतीन. त्यायच्या भावाले असंच एक पाह्यजे, ते इथीच बनंन."

हमालांनी माझ्याकडं पाहिलं. मी साहेबांकडं पाहिलं. साहेब कुठंच पाहीनात. हमालांना वजन पेलवेना, म्हणून त्यांनी मशीन जागच्या जागी ठेवलं. संगीतानं वायर जोडली, दांडा मेजावर घेतला आणि सोनबाजींना म्हणाली, "मामाजी, हे घट्ट धरा. हालू नका." सोनबाजींनी धरलं. ते हलले नाहीत.

काच एकच होती, आणि ती तिच्या हातात होती.

"सगळ्यायनं डोळे मिटा," ती म्हणाली.

सोनबाजींनी मिटले. हमालांनी मिटले, गार्डानं मिटले, पडद्यांआडच्या बायकांनी मिटले, साठेसाहेबांनी चष्म्यावर रुमाल धरून मिटले. मीही मिटले. चर्र असा आवाज सुरू झाला आणि पापण्यांतून लाल उजेड दिसू लागला. तशातच साहेब माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "रशीदभाई, मग ट्रकला जा म्हणून सांगू का?"

"सांगा," मी म्हटलं. "पण डोळे उघडू नका. ती म्हणेल तेव्हाच उघडा."